हरवलेले साडेतीन इंच

"माझ्या जेवणाच्या टेबलावरून ती आधी उचला!" हातातलं पातेलं तसंच अधांतरी धरून काकू म्हणाली. "मग काय ते बोला."

"अगं, पण बघ तरी! ठासणीची रायफल आहे. दीडशे वर्षांची तरी असेल!"

"दीडशे वर्षांची असो नाहीतर दीडशे दिवसांची. इथे आता भाजी येणार आहे."

काकांनी पातेल्याकडे पाहिलं, काकूच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने बंदूक उचलून खिडकीखालच्या बाकावर ठेवली. तिच्यामागोमाग तीन डोकी टेबलावरून बाकाकडे सरकली.

ही तीन डोकी सुट्टीसाठी काका-काकूंकडे आली होती. त्यातलं सगळ्यात वरचं, दोन वेण्यांचं डोकं पुरावाचं. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतंच उरलं होतं. कुणी काहीही सांगितलं की ही बारा वर्षांची बाई आधी विचारणार, "पुरावा काय?" मधलं डोकं तिच्या चुलतभावाचं. तो भोंगा. त्याला हळू बोलताच येत नसे. तो कुणाच्या कानात गुपित सांगायला लागला की शेजारचे खिडकी उघडून ऐकत. आणि सगळ्यात खालचं डोकं पुरावाच्या धाकट्या भावाचं, नऊ वर्षांच्या इंचचं. मागच्या सुट्टीत काकांनी त्याला खिशात मावणारी टेप दिली होती. तेव्हापासून घरातली एकही वस्तू त्याने मोजल्यावाचून सोडली नव्हती. मांजराची शेपटीसुद्धा! (नऊ इंच. 'बसल्यावर मोजू देत नाही,' अशी टीपही वहीत होती.)

"काका, ठासणीची म्हणजे?" इंचने विचारलं.

"म्हणजे हिला मागून काडतूस घालायची सोय नाही. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची. बंदुकीची दारू, काळी पूड असते ती. मग चिंधीत गुंडाळलेली गोळी टाकायची. आणि मग हा गज घेऊन सगळं तळापर्यंत ठासायचं."

गज म्हणजे नळीच्या खाली, लाकडातल्या खोबणीत सरकवून ठेवलेली लांब काठी. तिच्या एका टोकाला पितळेची टोपी होती.

"आणि मग ठोऽऽऽ!" भोंगा ओरडला. काकूच्या हातातला डाव खाली पडला.

"पण लोखंड नका रे बघू, लाकूड बघा!" काकांनी बंदुकीच्या दस्त्यावरून हात फिरवला. काका लाकडी सामान बनवत. घराला लागूनच त्यांचा कारखाना होता आणि चाळीस वर्षांत त्यांच्या हातून एकही डुगडुगणारी खुर्ची बाहेर पडली नव्हती. "अक्रोडाचं आहे. हे लोखंड लाकडात कसं बसवलंय बघा. कागदाचा कपटा तरी जातो का?"

इंचने लगेच वहीचा कोपरा फाडून घालून पाहिला. जाईना.

"लाकूड छान आहे, मी कुठे नाही म्हणते?" काकू जरा मऊ झाली. "पण नळी आतून सडलेली असली तर? मागे ते घड्याळ आणलंत. बाहेरून काय कोरीव काम! आणि आतून उंदराचं बिऱ्हाड निघालं. सहा पिल्लांसकट!"

"दुकानदार म्हणतो, नळीतले आटे अजून कोरे करकरीत आहेत."

"पुरावा काय?" पुरावा म्हणाली.

काका हसले. रायफलच्या नळीत आतून वळत गेलेल्या खाचा असतात, त्यांना आटे म्हणतात. त्यांच्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते, हे त्यांनी समजावून सांगितलं. बंदूक जुनी आणि वापरलेली असली की खाचा झिजून जातात.

"माझ्या मैत्रिणीला दाखवा की मग," काकू म्हणाली. "संग्रहालयात जुनी हत्यारंच तर सांभाळते ती."

"तिला लाकडातलं काय कळतं!"

"बरं. मग माझं ऐका. नळी आतून चांगली निघाली, तर घ्या. नाहीतर परत."

"कबूल!" काका म्हणाले. "आणि ही तिघं माझी तपास-समिती. घ्यायची की नाही, ते उद्या संध्याकाळी सहाच्या आत ठरवायचं!"

सहाच्या आत, कारण जुन्या वस्तूंच्या दुकानदाराची तशी पद्धत होती. ओळखीच्या गिऱ्हाइकाला तो वस्तू दोन दिवस पसंतीवर घरी देई. आवडली तर ठेवायची, नाहीतर जशीच्या तशी परत करायची. दोन दिवसांतला एक तर आज संपत आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी समिती कारखान्यात जमली. भुश्शाचा वास, भिंतीवर ओळीने लावलेल्या पटाश्या, मधल्या बाकावर जुनं पांघरूण आणि पांघरुणावर बंदूक. इंचने टेप काढली आणि तो कामाला लागला.

"नळी, बाहेरून. तोंडापासून या घोड्याखालच्या भोकापर्यंत... तेहेतीस इंच."

"ते भोक कशाला?" भोंग्याने विचारलं.

"घोडा आपटला की ठिणगी त्यातून आत जाते," काका म्हणाले. "म्हणून ते नळीच्या अगदी तळाशी असतं."

"गज खोबणीत बसवला की त्याचं टोक नळीच्या तोंडाशी अगदी सारखं येतं," इंच पुटपुटत लिहीत होता. "गजाची लांबी... तीही तेहेतीस!"

काकांनी गज ओढून काढला, पितळी टोकाला तेलाची चिंधी गुंडाळली आणि नळी पुसायला तो आत सारला. गज सरसर आत गेला आणि थांबला. काकांनी दाबून पाहिलं. हलेना. गजाचं मागचं टोक नळीच्या तोंडातून चांगलं चार बोटं बाहेर राहिलं होतं.

"हात्तिच्या! हा गज दुसऱ्याच बंदुकीचा दिसतोय," काका म्हणाले. "लांब आहे."

आता, काकांची एक सवय होती. कुठेही काही बाहेर आलेलं त्यांना बघवत नसे. फळी असो, खिळा असो, नाहीतर शाळेत जाताना कुणाचा सदरा असो. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, नळीच्या तोंडाशी गजावर रेघ मारली, आणि कुणी काही म्हणायच्या आत करवत चालली. कर्र, कर्र, टक्! तुकडा खाली पडला.

"काका! अहो, ती अजून आपली नाहीये!" पुरावाने डोक्यालाच हात लावला. "जशीच्या तशी परत करायचीय!"

"अगं, जास्तीचं तेवढंच तर काढलं! उलट दुकानदार खूश होईल."

इंचने भुश्शातून तुकडा उचलला, मोजला आणि वहीत लिहिलं, 'कापलेला तुकडा, साडेतीन इंच.' त्याला वस्तू टाकून द्यायला आवडत नसे. तुकडा खिशात गेला.

मग काकांनी नळीच्या तोंडाला डोळा लावून आत विजेरीचा उजेड पाडला. "तळाशी काळं काळं दिसतंय. गंज साचलाय बहुतेक. पण आटे काही नीट दिसत नाहीत. मागचं बूच उघडल्याशिवाय कळायचं नाही."

मागचं बूच, म्हणजे नळीची मागची बाजू बंद करणारा जाडजूड स्क्रू. काकांनी पान्याने जोर लावला. तेल सोडून दुपारपर्यंत वाट पाहिली. पुन्हा जोर लावला. स्वतः लाल झाले, पण बूच काही केल्या फिरेना.

"वेल्डरकडे नेतो. बूच चांगलं लालबुंद तापवलं की सैल पडेल." काकांनी नळी धरून ठेवणारी पाचर ठोकून काढली, नळी लाकडापासून वेगळी केली आणि खांद्यावर टाकली. "तासाभरात आलोच! समितीने तोवर लाकूड पुसून ठेवावं!"

समिती लाकूड पुसू लागली. म्हणजे पुरावा पुसत होती, भोंगा कुठे पुसायचं ते ओरडून सांगत होता आणि इंच गज पुन्हा खोबणीत सारत होता.

"ताई, बघ ना. हा बुडाला."

"काय बुडाला?"

"गज. आता खोबणीत पार आत जातो. काढायला बोटंसुद्धा पोचत नाहीत."

"मग काकांनी लहान कापला!" भोंगा म्हणाला.

"नाही. वरच्या नळीत बरोबर बसतो, मी बघितलं ना. खाली मात्र साडेतीन इंच कमी पडतो."

पुरावाचा हात थांबला. "म्हणजे कापायच्या आधी गज खोबणीत अगदी बरोबर बसत होता. मग तो दुसऱ्या बंदुकीचा कसा? हिचाच आहे तो!"

"पण मग नळीतून बाहेर का राहिला?"

इंचने वही उघडली. तिघांची डोकी वहीवर आली.

"नळी बाहेरून तेहेतीस," पुरावा म्हणाली. "आणि भोक तळाशी. म्हणजे नळी आतूनही तेहेतीसच हवी. गज तेहेतीस. तो पूर्ण आत जायला हवा होता! पण गेला फक्त साडेएकोणतीस."

"मग आतले साडेतीन इंच गेले कुठे?" इंचने विचारलं.

"खजिना!" भोंग्याचे डोळे चमकले. "कुणीतरी नळीत हिरे लपवलेत! लाल, हिरवे..."

"हिरे हिरवे नसतात. उंदीर असेल," इंच म्हणाला. "घड्याळात होता तसा."

"घोड्याखालच्या भोकातून तुझा उंदीर आत जाईल का? आणि गज दाबला तर कडक लागलं काहीतरी." पुरावाने वहीतल्या आकड्यांवर बोट ठेवलं. मग अगदी सावकाश म्हणाली, "भोंग्या, ठासणीच्या बंदुकीत तोंडातून आधी काय ओततात?"

"दारू."

"मग?"

"मग चिंधी आणि... आणि गो..."

आयुष्यात पहिल्यांदाच भोंग्याचा आवाज इतका बारीक झाला की शेजारच्या इंचलाही नीट ऐकू आला नाही.

"भरलेली आहे," पुरावा म्हणाली. "कुणीतरी भरून ठेवली आणि उडवलीच नाही. आणि काका ती तापवायला घेऊन गेलेत!"

तिघं धडपडत अंगणात आली. काकू कपडे वाळत घालत होती.

"काकू! काकांना फोन कर! बंदूक भरलेली आहे! नळी आतून साडेतीन इंच कमी आहे आणि काका ती लालबुंद तापवणारेत!"

काकूने 'काहीतरीच काय' असं म्हटलं नाही. 'आधी श्वास घ्या' असंही म्हटलं नाही. हातातली ओली चादर तशीच बादलीत टाकली आणि फोन लावला. कारखान्याच्या बाकावर, भुश्शाच्या ढिगाखाली, काकांचा फोन मजेत वाजू लागला.

"इथेच विसरलेत! तुम्ही पळा. पण दाराशीच थांबायचं आणि ओरडायचं, कळलं? मी मैत्रिणीला घेऊन येते!"

पळताना भोंगा पुढे, पुरावा त्याच्यामागे आणि इंच सगळ्यात मागे. त्याच्या चपलेचा पट्टा वाटेत तुटला. त्याने दोन्ही चपला हातात घेतल्या आणि तो पळत राहिला.

वेल्डरच्या शेडचं दार सताड उघडं होतं. आत नळी शिकंज्यात आडवी घट्ट आवळलेली होती. मागच्या बाजूला निळ्या काचांचा चष्मा कपाळावर चढवून वेल्डर उभा होता, शेजारी काका. आणि नळीच्या बरोब्बर तोंडासमोर, स्टुलावर पायावर पाय टाकून, चहा पीत बसले होते जुन्या वस्तूंचे दुकानदार! आपल्या वस्तूचं काय चाललंय ते बघायला आले होते.

"थांबाऽऽऽऽ!" भोंगा गरजला.

दुकानदारांचा चहा त्यांच्या सदऱ्यावर सांडला. "अरे, आग लागली का कुठे?"

"लागेल! बंदूक भरलेली आहे! त्या स्टुलावरून उठा!"

दुकानदार इतके हसले, इतके हसले की उरलेला चहाही सांडला. "भरलेली? बारा वर्षं माझ्या भिंतीवर आहे ती! रोज गिऱ्हाइकांना चाप ओढून दाखवतो. खट्! बस्, एवढाच आवाज."

"ती रिकामी असल्याचा पुरावा काय?" पुरावाने विचारलं.

"अगं पोरी, मला ज्याने विकली त्यानेच सांगितलं की!"

"त्याला कुणी सांगितलं?"

"त्याला... त्याला ज्याने विकली त्याने असेल."

"बाळांनो," काका समजावणीच्या सुरात म्हणाले, "मी सकाळी तुमच्यासमोर गज घातला ना? अगदी तळापर्यंत गेला."

"तळापर्यंत नाही गेला, काका!" इंच धापा टाकत म्हणाला. "साडेतीन इंच आधीच थांबला!"

"गज लांब होता, बेटा. चाळीस वर्षं मापं घेतोय मी."

"मिस्त्री, मला अजून दोन फाटकं जोडायचीत," वेल्डर म्हणाला. "मुलांना जरा बाहेर उभं करा."

"चला रे, बाहेर. घरी गेल्यावर बोलू."

आता मात्र पुरावाला रडूच यायला लागलं. खरं ते सांगूनही कुणी ऐकत नाही, यासारखं वाईट काही नसतं. वेल्डरने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि सिलिंडरची चावी फिरवली. फस्सऽऽ असा आवाज सुरू झाला. गॅस पेटवायची चकमक उचलायला त्याने बाकावरच्या पत्र्याच्या डबीत हात घातला.

डबी रिकामी होती.

"चकमक कुठे गेली? आत्ता इथे होती!" त्याने चावी बंद केली. आवाज थांबला. मोठी माणसं बाकाखाली बघू लागली, खिसे चाचपू लागली. दुकानदारांनी तर चहाच्या कपातही पाहिलं.

"माझ्याकडे आहे," दारातून एक आवाज आला.

इंच होता. अनवाणी, एका हातात चपला, आणि दुसरा हात खिशात घट्ट मुठीत. त्याचे कान लाल झाले होते. सगळे भोंग्याकडे बघत असताना त्याने ती कधी उचलली, ते पुरावालाही दिसलं नव्हतं.

"आण ती इकडे!" वेल्डर म्हणाला.

"देतो. पण आधी मोजा."

"इंच!" काकांचा आवाज चढला.

"आधी मोजा, काका. फक्त एकदा. माझं चुकलं तर मी... मी टेप परत देईन."

डोळ्यांतलं पाणी गालांवर आलं होतं, पण पोरगं जागचं हललं नाही. काका त्याच्याकडे बघत राहिले. हा मुलगा कधी उलट बोलल्याचं त्यांना आठवेना. इतकं घाबरूनही तो उभा होता, आणि त्याच्या लेखी जगातली सगळ्यात मोलाची वस्तू, ती टेपसुद्धा, द्यायला निघाला होता.

"वेल्डरभाऊ," काका हळूच म्हणाले, "एखादी लांब सळई द्या बरं."

नळीच्या बाजूला उभं राहून त्यांनी सळई तोंडातून अलगद आत सोडली. ती थांबली. नळीच्या तोंडापाशी त्यांनी सळई चिमटीत पकडली, तशीच बाहेर काढली आणि नळीच्या बाहेरून, तोंडाला चिमूट लावून धरली. सळईचं टोक घोड्याखालच्या भोकापर्यंत पोचायला हवं होतं. ते बरंच अलीकडे राहिलं.

"टेप," काका म्हणाले.

इंचने टेप लावली. "साडेतीन."

काकांनी पुन्हा सळई घातली. पुन्हा साडेतीन. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः टेप धरली. साडेतीन! त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

"सगळे बाहेर," ते म्हणाले. "आधी मुलं. वेल्डरभाऊ, तुमचे सिलिंडर दूर न्या. आणि शेठ, तुम्ही..."

दुकानदारांनी समोर पाहिलं. नळीचं काळं, गोल तोंड थेट त्यांच्या सदऱ्यावरच्या चहाच्या डागाकडे बघत होतं. ते स्टुलासकट उठले आणि स्टुलासकटच दाराबाहेर आले!

काकू स्कूटरवरून पोचली तेव्हा सगळे रस्त्यापलीकडे ओळीने उभे होते. तिच्यामागे बसलेल्या, पांढऱ्या केसांच्या, ठेंगण्या बाई म्हणजे तिची संग्रहालयातली मैत्रीण. बाई आत जाऊन नळी बघून आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"नळीत डोळा घालून कुणी पाहिलं होतं?"

काकांनी शाळेतल्यासारखं बोट वर केलं.

"चाप ओढून कोण दाखवायचं?"

दुकानदारांचं बोट वर झालं.

"घोड्याखाली ठिणगी पाडणारी टोपी बसवलेली नव्हती, म्हणून बारा वर्षं वाचलात. कोरडी राहिली तर ही दारू शंभर वर्षांनीही पेट घेते. आणि तापवायची कल्पना कुणाची?"

"मी नुसतं 'हो' म्हणालो," वेल्डर पायाकडे बघत पुटपुटला. भोंग्याने हसू दाबायला तोंडात अख्खी मूठ घातली होती.

"आणि ही भरलेली आहे, हे कुणाला कळलं?"

आता तीन मोठी बोटं एकदम तीन लहान डोक्यांकडे वळली.

बाईंनी नळी शेडबाहेरच्या वाळूच्या ढिगाकडे तोंड करून ठेवली, तिच्यात तोंडापर्यंत पाणी भरलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कुणी तिच्याजवळ फिरकायचं नाही असं बजावलं. दुकानदारांनी आपण होऊन एक दिवस वाढवून दिला. सकाळी सगळ्यांना भिंतीमागे उभं करून बाई एकट्याच काम करू लागल्या. त्यांच्या गजाच्या टोकाला बारीक स्क्रू होता. अर्ध्या तासाने त्यांनी हाक मारली.

फडक्यावर मांडून ठेवलं होतं सगळं. एक कुजकी चिंधी, शिशाची बोराएवढी गोळी आणि काळा चिखल. इंचने गोळीला हात न लावता टेप लावली. "अर्ध्या इंचाहून थोडी जास्त," त्याने लिहून घेतलं.

"नळी कशी आहे?" काकूने विचारलं.

"झिजलेली. आटे जवळजवळ गेलेतच. आणि हिच्यातून यापुढे कधीही काहीही उडवायचं नाही."

काकांनी मान खाली घातली. "मग अट पाळायला हवी. परत." आणि लगेच त्यांनी मान वर केली. "पण परत तरी कशी करू? शेठ, तुमच्या वस्तूचा गज मी कापलाय. न विचारता."

"अहो मिस्त्री, त्याचं काय एवढं!" दुकानदार घाईघाईने म्हणाले. "मी तुम्हाला भरलेली बंदूक घरी दिली! पोराबाळांच्या घरात! मी काय तोंडाने बोलू?"

"समितीचं काय म्हणणं?" बाईंनी विचारलं.

"घ्यायची!" भोंगा ओरडला. इंचने नुसतीच मान हलवली. पुरावाने ओठ चावत विचार केला. "आता ती रिकामी असल्याचा पुरावा आहे," ती म्हणाली. "माझी हरकत नाही. पण काकू नाही म्हणाली तर नाही."

काकू पुढे आली. काकांनी सकाळी बंदुकीचं लाकूडही सोबत आणलं होतं; दोन दिवसांत पहिल्यांदाच तिने त्यावर हात ठेवला. जिथे लोखंड आणि लाकूड मिळत होतं तिथून नख फिरवून पाहिलं. नख कुठेच अडकलं नाही.

"कुणीतरी फार जीव लावून केलंय हो हे," ती म्हणाली. "घ्या. कारखान्यात लावा. माझ्या टेबलावर मात्र नाही."

किंमत ठरायला मिनिटभरसुद्धा लागलं नाही. वेल्डरने मात्र इंचला बाजूला घेतलं. "माझी चकमक पळवणारा तू पहिलाच! आणि बरं केलंस, बाबा."

"तुम्ही तिघं सुट्टीत संग्रहालयात या," बाई म्हणाल्या. "मोठी माणसं 'तळापर्यंत गेलं' म्हणून मोकळी होतात. तुम्ही मोजता. मला अशीच माणसं हवीत."

कारखान्यात परतल्यावर काकांनी सगळ्यांसमोर घसा खाकरला. "काल मी म्हणालो, चाळीस वर्षं मापं घेतोय. आता ऐका. माझं माप चुकलं आणि या पोराचं बरोबर होतं. यापुढे इथे करवत चालायच्या आधी माझी रेघ हा तपासेल."

"तुम्ही खरंच ऐकाल, याचा पुरावा काय?" पुरावाने मिस्कीलपणे विचारलं.

"घे पुरावा! ते कपाटाचं दार बघ बाकावर. सकाळीच रेघ मारलीय, कापायचं बाकी आहे. कागदावर चोवीस इंच लिहिलंय. मोज रे!"

इंचने टेप लावली. पुन्हा लावली. मग ताईकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका... पाव इंच जास्त आहे."

दुकानदार छताकडे बघू लागले. काकूने पदराने तोंड झाकलं.

काकांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि ते रेघेवर वाकले. मग त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि इंचच्या हातात दिली.

"तूच मार," ते म्हणाले. "बरोबर चोवीसवर."